न्हाणीघराची परीक्षा

(तृतीय वर्ष कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कविता असतात, कथा असतात, सहलीची वर्णने असतात. न्हाणीघराच्या फरशीवर लिहिलेला लेख मात्र निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यामुळे शीर्षक वाचूनच काही जण पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगतो, की आज ना उद्या प्रत्येकाला घर बांधायचे असते, नाहीतर असलेले दुरुस्त करायचे असते. 'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने बहुधा न्हाणीघरापाशीच हात टेकले असावेत. घरातली ही सर्वांत लहान खोली. पण कामातली खोट सर्वांत आधी दिसते ती इथेच, कारण इथे रोज पाणी पडते.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकारही आहे. माझे वडील फरशीकाम करतात. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. शाळेत असल्यापासून प्रत्येक सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली माल कालवला आहे, घमेली उचलली आहेत आणि अलीकडे थोड्या टाईल्सही बसवल्या आहेत. मे २०२४ मध्ये कराडातील एका घरी दोन न्हाणीघरांचे काम आप्पांनी घेतले होते. प्रत्येकी सात फूट बाय साडेचार फूट जागा आणि भिंतींना सात फुटांपर्यंत टाईल्स. दोन्ही मिळून सुमारे साडेतीनशे चौरस फूट काम झाले. चौरस फुटाला ४० रुपये याप्रमाणे मजुरी १४,००० रुपये होत होती. ९,००० मिळाले. उरलेले ५,००० रुपये घरमालकांनी अडवून धरले. पैसे बुडवणारे ते गृहस्थ नव्हते. पण पुण्याहून आलेल्या त्यांच्या पाहुण्यांनी कामात पाच दोष काढले होते. टाईल्सचा रंग दोन तऱ्हेचा दिसतो; टाईल्सच्या मधे फटी ठेवल्या आहेत; कोपऱ्यांत तुकडे लावले आहेत; पाणी साचते; आणि काही टाईल्स पोकळ वाजतात.

त्या पाच हजारांतून माझी तिसऱ्या वर्षाची फी भरायची होती. त्यामुळे मी गरम झालो. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "पैशाचं मागनं बघू, साहेब. आधी काम बघू. खोट माझी निघाली तर मी भरून देईन. नाही निघाली तर माझं पैसं द्या." मग घरमालक, पाहुणे, आप्पा आणि मी असे चौघे त्या चिंचोळ्या खोलीत उभे राहिलो आणि परीक्षा सुरू झाली. त्या दोन तासांत मला जे समजले तेच इथे क्रमाने मांडतो.

दारातून पाहणे

पहिली परीक्षा डोळ्यांची. ती दारात उभे राहून करायची. आत शिरून भिंतीला नाक लावले की प्रत्येक टाईल वेगळी दिसू लागते आणि एकूण काम दिसेनासे होते. समोरच्या भिंतीवरच्या आडव्या रेघा खोलीभर एकाच उंचीवरून फिरून कोपऱ्यात एकमेकींना मिळतात का, हे पाहायचे. शंका आली तर लेव्हलची नळी वापरायची. पारदर्शक प्लास्टिकची नळी पाण्याने भरून तिची दोन टोके दोन भिंतींशी धरली, की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबते. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. उभ्या रेघांसाठी ओळंबा. संस्कृत 'अवलंब' या शब्दाचे हे गवंड्याच्या हातातले रूप. कॉलेजात मी ते वाचले तेव्हा आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "शब्द कुठला का असंना, सरळ लोंबला म्हंजे झालं."

कोपऱ्यातला टाईलचा तुकडा वर चार इंच आणि खाली तीन इंच भरला, तर भिंतच ओळंब्यात नाही असे समजावे. मूळ दोष गिलाव्याचा असतो. पण टाईल लावण्यापूर्वी भिंत तपासून ती सरळ करून घेणे, किंवा निदान मालकाच्या कानावर घालणे, हे फरशीवाल्याचे काम आहे.

विजेरीची परीक्षा

यानंतर दिवा मालवून विजेरी भिंतीला चिकटवून धरायची, म्हणजे प्रकाश भिंतीवरून सरपटत जातो. शेजारच्या टाईलपेक्षा एखादीची कड वर आली असेल तर तिची सावली पडते. मग त्या जागी नख फिरवून पाहायचे. नख अडखळले तर दोष आहे. नुसते जाणवले तर तो सोडून द्यावा. जमिनीवर मात्र इतकी सवलत देऊ नये, कारण तिथे अनवाणी पाय पडतो आणि वर आलेल्या कडेशी मळ साचतो.

इथे आप्पांनी एक गोष्ट दाखवली. उरलेल्या टाईल्सपैकी दोन घेऊन त्यांनी त्या तोंडाला तोंड लावून धरल्या. मधे बारीक फट दिसली. भट्टीतून निघालेली लांबट टाईल पुष्कळदा किंचित बाकदार असते. अशा टाईल्स विटांच्या बांधकामासारख्या निम्म्यावर सरकवून लावल्या, तर एकीच्या फुगलेल्या मध्याशेजारी दुसरीचे खाली गेलेले टोक येते आणि कड उघडी पडते. म्हणून निम्म्याऐवजी एक तृतीयांश सरकवून लावणे बरे. तेव्हा कड वर दिसली की लगेच हात वाईट म्हणू नये. आधी माल पाहावा.

शिवाय विजेरीच्या तिरप्या उजेडात कोणतीही भिंत खडबडीतच दिसते. शेवटचा निकाल रोजच्या उजेडात पाहून द्यावा.

रंग

पाहुण्यांचा पहिला आक्षेप रंगाचा होता आणि तो डोळ्यांना पटण्यासारखा होता. एका भिंतीच्या वरच्या दोन ओळी किंचित पिवळसर दिसत होत्या. आप्पांनी आपल्या पिशवीतून पुठ्ठ्याचे चार तुकडे काढले. टाईल्सच्या खोक्यांची छापील बाजू फाडून जपून ठेवण्याची त्यांची जुनी सवय आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा टाईल्स गुजरातेतील मोरबीहून येतात. एकाच नक्षीचा माल वेगवेगळ्या वेळी भाजला, की त्याच्या छटेत थोडा फरक पडतो. म्हणून खोक्यावर बॅचचा आणि छटेचा क्रमांक छापलेला असतो. चारपैकी तीन पुठ्ठ्यांवर एकच क्रमांक होता, चौथ्यावर वेगळा. टाईल्स कमी पडल्या तेव्हा घरमालकांनी स्वतः जाऊन आणलेले ते खोके होते.

घरमालक हसले आणि पहिला आक्षेप मागे घेतला. पण आप्पा म्हणाले, "साहेब, यात थोडी चूक माझीबी हाय. लावायच्या आधी तुम्हाला दाखवायला पायजे होतं." टाईल्स घेताना सर्व एकाच वेळी, एकाच क्रमांकाच्या आणि तुटफूट धरून थोड्या जास्त घ्याव्यात. लावताना तीन-चार खोक्यांतल्या मिसळून लावाव्यात. आणि काम संपल्यावर पाच-सहा टाईल्स माळ्यावर ठेवून द्याव्यात, कारण पुढे कधी एखादी फुटली तर तीच छटा बाजारात मिळत नाही.

फटी आणि तुकडे

दुसऱ्या आक्षेपाने मात्र आप्पांनाच हसू आले. टाईल्सच्या मधे फटी ठेवल्या, ही तक्रार नसून शाबासकी आहे. पुष्कळांना टाईलला टाईल चिकटवलेले काम सफाईचे वाटते. परंतु कोणत्याही दोन टाईल्स अगदी केसाइतक्या सारख्या मापाच्या नसतात. शिवाय ऊन, थंडी आणि ओलावा यांनी टाईल, खालचा माल आणि भिंत ही सगळी कमीजास्त फुगतात आणि आकसतात. मधे जागा नसेल तर टाईल्स एकमेकींना रेटतात आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन दोन टाईल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. म्हणून दोन-तीन मिलिमीटरची फट हवी. ती सारखी राहावी यासाठी अधिकच्या चिन्हासारखे प्लास्टिकचे छोटे तुकडे मिळतात, ते मधे घालतात.

पाहायचे ते हे, की फट सगळीकडे सारखी आहे का आणि ती तळापर्यंत भरली आहे का. वरवर भरलेले पांढरे सिमेंट थोड्याच दिवसांत नखाने खरवडले तरी भुकटी होऊन गळते. एपॉक्सीचे ग्राउट महाग पडते, पण पाणी शोषत नाही आणि लवकर पिवळे पडत नाही. ते भरल्यावर टाईल्स लगोलग पुसाव्या लागतात, नाहीतर वाळलेला थर निघता निघत नाही. चकाकणाऱ्या टाईलवर असा धुरकट पापुद्रा दिसला, तर मिस्त्रीने पुसण्यात आळस केला असे खुशाल समजावे.

तुकड्यांबाबतही तसेच. खोलीचे माप टाईलच्या मापात नेमके बसेल असे क्वचितच घडते, त्यामुळे तुकडे येणारच. प्रश्न असतो तो कुठे आले याचा. दारातून पाहताना समोर पूर्ण टाईल यावी; तुकडा दाराआड किंवा कोपऱ्यात जावा; आणि बोटभर रुंदीची चिंधी कुठेही येऊ नये. ती टाळण्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी भिंत मोजून मांडणी ठरवावी लागते. नळाभोवतीचे भोक गोल आणि इतके लहान असावे, की नळाच्या चकतीखाली झाकून जाईल. टाईल चौकोनी तोडून, उरलेली जागा पांढऱ्या सिमेंटने लिंपलेली दिसली, की हात घाईचा होता हे कळते. आप्पांचे तुकडे दोन्ही खोल्यांत दाराआड होते. पाहुण्यांनी दार लावून ते शोधून काढले होते.

आवाज

इथपर्यंत मी मनातून खूश होतो. आता आवाजाची पाळी आली. आठवडी बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसेच टाईलचे आहे. नाण्याने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक टाईलवर मध्ये आणि चारही कोपऱ्यांवर हलके ठोकायचे. मागे माल पूर्ण भरला असेल तर आवाज बसका आणि भरीव येतो. पोकळी असेल तर डब डब असा डब्यासारखा येतो.

पोकळी राहण्याची कारणे तीन. पहिले, टाईलच्या पाठीवर माल सगळीकडे न पसरता चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून ती दाबणे. काम झपाट्याने होते, पण गोळ्यांच्या मधली जागा रिकामी राहते. दुसरे, टाईल न भिजवता लावणे. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाईल्स आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात. कोरडी टाईल सिमेंटच्या मालातले पाणी ओढून घेते आणि माल घट्ट होण्याआधीच सुकून सुटतो. तिसरे याच्या उलट. व्हिट्रिफाइड टाईल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिला कितीही भिजवले तरी साधे सिमेंट नीट धरत नाही; तिच्यासाठी वेगळा चिकट मसाला मिळतो, तोच वापरावा लागतो. कोणती टाईल कशाने लावली हे विचारले, तरी मिस्त्री जाणता आहे की नाही हे कळते.

एखाद्या टाईलच्या मध्यभागी नाण्याएवढी जागा पोकळ वाजली, तर तेवढ्यासाठी भांडू नये. पण जमिनीवर, कोपऱ्यावर किंवा नळाजवळ पोकळी असेल तर ती टाईल काढायलाच लावावी. तिच्यावर बादली आपटली की ती फुटते, भोक पाडायला गेले की तडकते, आणि मागे शिरलेले पाणी तिथेच मुरत राहते.

आप्पा एक-एक टाईल ठोकत निघाले. टक्, टक्, टक्. दुसऱ्या न्हाणीघरात नळाच्या खालच्या बाजूला आले आणि आवाज बदलला. शेजारची वाजवली, तीही तशीच. अशा चार टाईल्स निघाल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिले आणि मी खाली मान घातली. त्या चार टाईल्स मी लावल्या होत्या. शेवटचा दिवस होता, संध्याकाळची गाडी गाठायची होती आणि आप्पा बाहेर फरशी कापत होते. तेव्हा मी गोळे ठेवून त्या दाबल्या होत्या. बाहेरून अगदी सुरेख दिसत होत्या.

पाणी

शेवटची परीक्षा पाण्याची. खोलीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात एक बादली पाणी ओतायचे आणि दहा मिनिटे बाहेर थांबायचे. आत आल्यावर जमीन ओली दिसली तर हरकत नाही. डबके दिसता कामा नये. जमिनीचा ढाळ सहा फुटांना पाऊण ते एक इंच असला म्हणजे पुरतो. त्याहून फार जास्त ढाळही वाईट, कारण पाट डुगडुगतो आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. याच कारणासाठी जमिनीवर गुळगुळीत टाईल न लावता खरखरीत लावावी. न्हाणीघराची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा खाली असावी. भिंतीची सर्वांत खालची टाईल जमिनीच्या टाईलवर टेकलेली असावी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता जमिनीवर येते.

सगळा ढाळ जाळीकडे यावा. जाळीखालच्या भांड्यात पाणी अडून राहते, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही हाच शब्द असतो. आपल्या न्हाणीने इंग्रजीत मिळवलेली ही जागा भाषेच्या विद्यार्थ्याला गंमतीची वाटावी.

आम्ही पाणी ओतले. पहिले न्हाणीघर निर्मळ निघाले. दुसऱ्यात, जाळीपासून दोन फुटांवर, ताटाएवढे पाणी थांबून राहिले. पाहुण्यांचा चौथा आक्षेपही खरा होता, आणि ती जमीन आप्पांनी स्वतः लावली होती.

जे दिसत नाही ते

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. टाईल्स लावल्या म्हणजे पाणी झिरपणे थांबते, असा मोठा गैरसमज आहे. टाईल आणि तिच्या फटीतला मसाला हे फक्त वरचे कपडे. पाणी अडवायचे काम त्याखालचा थर करतो. जुन्या पद्धतीत हा थर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा असे. आता निरनिराळी रसायने मिळतात. ही गोष्ट नवी नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात जिप्समच्या चुन्यात घट्ट बसवलेल्या विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आहे आणि तळाला एका कोपऱ्याकडे उतार ठेवलेला आहे, हे इतिहासाच्या वर्गात आपण शिकलो. त्या कारागिरांनाही पाण्याची भीती आमच्याइतकीच होती, असे मला तेव्हा वाटून गेले.

हा थर तपासण्याची वेळ टाईल्स लावण्यापूर्वीची. पाण्याची वाट बंद करून खोलीत पाणी भरून ठेवायचे आणि चोवीस तासांनी खालच्या छताला ओल आली का ते पाहायचे. एकदा टाईल बसली, की खाली काय आहे हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून काम संपल्यावर दोष शोधणाऱ्यापेक्षा काम चालू असताना दोनदा येऊन पाहणारा मालक मिस्त्रीला आवडतो. निदान आप्पांना आवडतो.

निकाल

पाच आक्षेपांपैकी तीन टिकले नाहीत, दोन टिकले. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळीच छिन्नी-हातोडी घेऊन आले. खालच्या थराला धक्का लागू नये म्हणून अर्धा दिवस हळूहळू ठोकत त्यांनी जमिनीच्या सहा टाईल्स उचलल्या आणि ढाळ पुन्हा दिला. भिंतीच्या चार टाईल्स त्यांनी मला काढायला आणि पुन्हा लावायला सांगितल्या. मालाच्या पैशाची गोष्ट घरमालकांनी काढली, तर ती त्यांनी ऐकून घेतली नाही. मला वाटले होते की घरी गेल्यावर मला बोलणी बसतील. पण ते एवढेच म्हणाले, "टाईल पुढनं सगळ्यांचीच चांगली दिसती." तीन दिवसांनी पुन्हा एक बादली पाणी ओतले गेले, आणि ५,००० रुपये मिळाले. मी फी भरली.

या प्रसंगानंतर मी एक शिकलो. शेवटचा हप्ता राखून ठेवण्यात गैर काही नाही. पण कोणती परीक्षा उतरली म्हणजे तो द्यायचा, हे काम सुरू होण्यापूर्वी दोघांनी ठरवलेले असावे. नाहीतर मालकाला सगळेच वाईट दिसते आणि मिस्त्रीला सगळाच अन्याय वाटतो. "काम वाईट झाले" हे वाक्य म्हणजे परीक्षा नव्हे. कोणती टाईल, कोणता कोपरा, किती पाणी, हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे. मग त्यातले मालाचे किती, मालकाचे किती आणि कारागिराचे किती, याची वाटणी करावी.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी वर्षभर कवितांना आणि कादंबऱ्यांना चांगले-वाईट म्हणत असतो. आमच्या उत्तरपत्रिका तपासणारे प्राध्यापक आम्हाला तसेच काहीसे म्हणतात. आता एखाद्या लेखनाबद्दल मत देण्याची पाळी आली, की मला ते न्हाणीघर आठवते आणि मी स्वतःला विचारतो, की आपण ठोकून पाहिले आहे का. आणि स्वतः काही लिहायला बसलो, की नळाखालच्या त्या चार टाईल्स आठवतात.